काउंटर चार, वही सव्वीस

काउंटरवर चारचा आकडा होता आणि वहीत सव्वीस.

मी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. चारच. शिरपूरजवळच्या एका केळीच्या बागेत, पंपाच्या खोलीत, एप्रिलच्या उन्हात तापलेल्या पत्र्याखाली मी उकिडवा बसलो होतो. समोर पत्र्याची एक राखाडी पेटी उघडी. मागे माझे दोन विद्यार्थी, कल्पना आणि संदीप, उभे. दोघंही अजून हसत-बोलत होते, कारण काउंटर त्यांना दिसला नव्हता.

मी तेव्हा धुळ्यात, देवपुरातल्या एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होतो. नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं. तरुण संशोधकांसाठी तंत्रज्ञान आणि ऑटोमेशनची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा त्या वर्षी बंगळूरला भरणार होती. ऑटोमेशन म्हणजे माणसाने हात न लावता यंत्राने आपलं आपण काम करणं. आमच्या पोरांचा कागदावरचा प्रकल्प निवडला गेला होता. बाहेरच्या पाच-सहा देशांतली पोरं येणार, आणि त्यांच्या रांगेत आमचं टेबल. प्राचार्यांनी लगेच स्थानिक पेपरात बातमी दिली. ते कात्रण नोटीस बोर्डावर लावलं गेलं आणि मी येता-जाता, कोणी बघत नाही असं पाहून, ते वाचत असे.

अट एकच अवघड होती. यंत्र प्रत्यक्ष जागेवर तीस दिवस चालवून त्याची नोंदवही आणायची. वहीवर मार्गदर्शकाची सही हवी. नोंद खोटी निघाली तर टीम बाद.

यंत्र सांगायला सोपं आहे. ठिबक तेव्हा आमच्याकडे नव्यानेच येत होतं. झाडाच्या बुडाशी नळी, नळीला ड्रीपर, त्यातून थेंब थेंब पाणी. पण वॉल्व्ह उघडायला माणूस लागायचाच. पोरांनी काय केलं, तर प्लास्टर ऑफ पॅरिसच्या वड्या पाडल्या. प्लास्टर हाडांच्या डॉक्टरकडून मागून आणलेलं. वडीत दोन तारा. वडी मातीत पुरली की माती ओली तशी वडी ओली, आणि ओल्या वडीतून तारांमधला करंट जातो. माती सुकली की करंट कमी होतो. तो ठरलेल्या हद्दीखाली गेला की पेटीतला रिले, म्हणजे विजेवर चालणारा खटका, टक्‌ करून बसतो आणि हौदाखालचा विजेचा वॉल्व्ह उघडतो. ही वडी म्हणजे सेन्सर. पेटी स्कूटरच्या बॅटरीवर चालायची, कारण शेतातल्या विजेचा भरवसा कोण देणार?

बाग कल्पनाच्या वडिलांची, म्हणजे नानांची. कल्पना धुळ्याला होस्टेलवर असायची आणि रविवारी गावी जायची. आठवडाभर पेटीवर लक्ष ठेवायला होते आबा. आबा हे नानांचे सालदार, म्हणजे वर्षाच्या करारावर शेतात राबणारा माणूस. कल्पनाच्या जन्माच्या आधीपासून ते त्या घरी होते. तिला पहिल्यांदा शाळेत सोडायला नाना नव्हते गेले, आबा गेले होते. आबांना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून कल्पनाने त्यांना सांगून ठेवलं होतं की पाणी सुटलं की भिंतीवर त्या दिवसाच्या चौकटीत कोळशाने रेघ मारा. सकाळची रेघ उभी, दुपारची आडवी. रविवारी ती भिंतीवरून वहीत उतरवून घ्यायची.

त्या वहीच्या मी प्रेमातच पडलो होतो. आभाळ आलं त्या दिवशी रेघ नाही. उन्हाच्या झळा चालल्या त्या दिवशी दोन. मी तो तक्ता वर्गात फळ्यावर काढला आणि दुसऱ्या वर्षाच्या पोरांना सांगितलं की बघा, याला म्हणतात बुद्धिमान यंत्र, ढग आला की थांबतं, झळा लागल्या की दोनदा पाणी देतं. अर्धा तास बोललो असेन. वडीला आभाळ दिसत नाही, एवढी साधी गोष्ट इतकी वर्षं शिकवणाऱ्या माणसाच्या डोक्यात आली नाही. आकडे आपल्याला हवे तसे आले की डोकं जरा सुट्टीवर जातं.

आणि मग एकविसाव्या दिवशी मी तपासणीला गेलो आणि काउंटरवर चार होते.

हा काउंटर संदीपचा. संदीप देवपूरचाच, वडील पोस्टात. पोरगं कमी बोलणारं, पण भंगारात रमणारं. कॉलेजच्या मोडक्या सायक्लोस्टाइल मशीनवरून, ज्यावर आम्ही प्रश्नपत्रिका छापायचो, त्याने प्रती मोजायचा काउंटर काढून पेटीत बसवला होता. रिले एकदा बसला की आकडा एकने पुढे. नोंद वहीत होतच होती, त्यामुळे काउंटर कोणी वाचलाच नव्हता.

मी दोघांना वाकून बघायला लावलं. संदीपच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तो म्हणाला, काउंटर अडकला असेल. तपासायला वेळ लागला नाही. त्याने वडीची तार काढली, म्हणजे यंत्राला वाटावं माती ठार सुकली आहे. रिले टक्‌ झाला आणि चारचे पाच झाले. परत लावली, परत काढली. सहा. काउंटर ठणठणीत होता. मग वही चुकली असेल म्हणून कल्पनाने भिंतीवरच्या रेघा मोजल्या. सव्वीस. तीन वेळा मोजल्या.

यंत्राने चार वेळा पाणी सोडलं होतं आणि पाणी सव्वीस वेळा सुटलं होतं. बाकीच्या बावीस वेळा कोणी सोडलं, हे विचारायला फार लांब जायचं नव्हतं. आबा दारातच उभे होते. हातात आमच्यासाठी आणलेला पाण्याचा तांब्या होता.

विजेच्या वॉल्व्हला एक छोटा स्क्रू असतो. वीज गेली, बिघाड झाला, तर तो हाताने फिरवून पाणी सोडता येतं. तो कल्पनानेच आबांना दाखवून ठेवला होता.

आबांनी काही लपवलं नाही. सरळ आपल्या अहिराणीत म्हणाले, "मशीन झोपेल व्हती. मंग मीच सोडं पानी."

"पन कसाले, आबा?" कल्पनाचा आवाज बारीक झाला होता.

"तू नापास व्हशी ना, बेटा. पेपरमा नाव उनं तुन्हं."

पेपरात नाव आलेली कल्पना परत भिंतीवरच्या रेघांकडे बघायला लागली. आबांना वाटलं त्यांच्यावर खोटेपणाचा आळ येतोय. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "पानी चालनं का रेघ मार, आसं सांगं व्हतं. मी मारी. खोटं काय शे?"

खोटं काहीच नव्हतं. आम्ही त्यांना पाणी सुटलं की रेघ मारायला सांगितलं होतं. पाणी कोणी सोडलं ते लिहायला सांगितलंच नव्हतं. प्रश्न आमचा चुकला होता.

मला त्या क्षणी राग आला होता, हे कबूल करतो. तो आबांवर नव्हता, पण माझ्या तोंडावर तसाच दिसला असणार, कारण म्हातारा तांब्या खाली ठेवून निघून चालला. तेव्हा मला तीन आठवड्यांपूर्वीची एक गोष्ट आठवली. पेटी बसवली त्या दिवशी ओट्यावर चहा घेताना नाना सहज बोलून गेले होते की यंत्र नीट चाललं तर आखाजीला सालदाराचं काय करायचं ते बघू. आमच्याकडे सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपतं आणि नवं त्याच दिवशी ठरतं. आबा तेव्हा तिथेच बसलेले होते. कप ठेवून बैलांना पाणी दाखवायला गेले, आणि मी पुढचा घोट घेतला होता.

म्हणजे जे यंत्र चाललं तर स्वतःचं काम जाणार, त्या यंत्राचं काम हा माणूस रोज पहाटे उठून करत होता. पोरगी पास व्हावी म्हणून. माझा राग तिथल्या तिथे उतरला आणि लाज वाटली. मी उठलो आणि त्यांच्या मागे गेलो.

बांधावर त्यांना गाठून विचारलं की यंत्र झोपलंय हे तुम्हाला कळलं कसं. त्यांनी मला केळीच्या पानांकडे बघायला सांगितलं. पाणी हवं असलं की दुपारी पानाचे दोन्ही काठ खाली मिटत येतात. मग ते खाली बसले, झाडापासून हातभर अंतरावर वीतभर उकरलं, मूठभर माती घेतली आणि दाबली. मूठ उघडल्यावर गोळा झाला तर पाणी नको. गोळा फुटला तर हवं. एवढंच. मग ज्या जागी आमची वडी पुरली होती तिकडे बोट करून म्हणाले, "ती टपकाना खाले गाडेल शे. तठे ओलंच ऱ्हास."

टपका म्हणजे ड्रीपर. आम्ही सेन्सर नेमका ड्रीपरच्या खाली पुरला होता. तिथली माती सगळ्यांत उशिरा सुकते. बाकी मुळं तहानेने तडफडली तरी आमची वडी आपली ओली आणि समाधानी. प्रयोगशाळेतल्या कुंडीत हे कळत नाही, कारण कुंडीत सगळीकडे सारखंच ओलं असतं.

"मग आम्हाला आधी का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"माले कोनी इचारं?" आबा म्हणाले.



संध्याकाळच्या एसटीने आम्ही तिघं धुळ्याला परतलो. बंगळूरला निघायला नऊ दिवस उरले होते. खऱ्या नोंदी नऊच दिवसांच्या होणार होत्या आणि मागितल्या होत्या तीस. दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्राचार्यांकडे गेलो. माणूस वाईट नव्हता, फक्त पेपरात बातमी देऊन बसला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "पाणी सुटलं की नाही? सुटलं. मग वहीत काय खोटं आहे? सही करा आणि पाठवा."

म्हणजे आबांचंच वाक्य. पण आबांच्या तोंडी ते खरं होतं आणि आमच्या तोंडी नसतं झालं. हे आज सुचतंय. त्या दिवशी मी वही घेऊन स्टाफरूममध्ये तासभर बसलो होतो आणि पेनाचं टोपणही काढलं होतं. तेही लिहून ठेवतो.

कल्पना दारात आली. ती रात्रभर रडलेली असणार, पण तेव्हा डोळे कोरडे होते. म्हणाली, "सर, परीक्षकांनी विचारलं की ढगाळ दिवस यंत्राला कसा कळला, तर मी काय सांगू?"

मी टोपण लावलं. तिला विचारलं की बाद झालो तर चालेल का. ती म्हणाली, नाही चालणार. मला बंगळूरला पाठवायला घरच्यांना किती मनवावं लागलंय ते तुम्हाला माहीत नाही. पण वहीत आबांना मशीन म्हणून नाही लिहायचं.

मग आम्ही नऊ दिवसांत जे जमलं ते केलं. पोरांनी आबांनी दाखवलेल्या जागी, वीतभर खोल, नवी वडी पुरली. भिंतीवर दोन रकाने केले. एकात यंत्राने पाणी सोडलं की रेघ. दुसऱ्यात, आबांनी सोडलं असतं तेव्हा रेघ, पण स्क्रूला हात लावायचा नाही. ही अट पाळणं त्यांना फार जड गेलं. कल्पना आणि संदीप सुट्टी घेऊन तिथेच मुक्कामाला होते. संदीप सांगायचा की आबा वॉल्व्हपाशी दोन्ही हात काखेत घालून बसतात, दर थोड्या वेळाने एक हात निसटतो आणि ते तो परत काखेत कोंबतात.

पहिल्या दिवशी यंत्र आबांच्या मागे तीन तास. संदीपने पेटीतला हद्द ठरवणारा स्क्रू जरा फिरवला. दुसऱ्या दिवशी दीड तास. चौथ्या दिवसापासून दोन्ही रेघा अर्ध्या तासाच्या आत यायला लागल्या. आठव्या दिवशी मी तिथे होतो. रिले टक्‌ झाला आणि आबांची रेघ अजून मारायची होती. यंत्र पहिल्यांदाच त्यांच्या पुढे गेलं. म्हातारा चिडला. "घाई करी ऱ्हायनी ती," म्हणाला आणि तरातरा बागेत गेला. आम्ही मागे. त्याने माती उकरली, मूठ दाबली, उघडली. गोळा फुटला. ती माती त्याने परत झाडाच्या बुडाशी टाकली. मग म्हणाला, "बरोबर शे तिन्हं."

मला वाटतं त्या यंत्राला मिळालेलं खरं सर्टिफिकेट तेच.

वहीत आम्ही सगळं लिहिलं. पहिले एकवीस दिवस: यंत्र चार वेळा, माणूस बावीस वेळा. कारण: सेन्सरची जागा चुकली. कशी कळली: माणसाने सांगितली. पुढचे नऊ दिवस: दोन रकाने. त्याखाली मी सही केली. प्राचार्य म्हणाले, आता जातच आहात तर जाऊन या. त्यांच्या दृष्टीने ती सहल झाली होती.

जळगावहून गाडी पकडली. पेटी कल्पनाने मांडीवर धरली होती आणि कोणाला हात लावू देत नव्हती. बंगळूरला हॉल बघून आमची छाती दडपली. शेजारच्या टेबलावर परदेशी पोरांचा एक यांत्रिक हात होता, तो अंडं उचलून न फोडता वाटीत ठेवायचा. आमची पेटी आमच्याच कारपेंटर शॉपमध्ये रंगवलेली.

परीक्षकांत एक पांढऱ्या केसांच्या परदेशी बाई होत्या. त्यांनी वही उघडली आणि पहिल्याच पानावर थांबल्या. त्यांनी कल्पनाला विचारलं, "पहिले एकवीस दिवस तुमचं यंत्र चाललंच नाही, हे तुम्ही स्वतः लिहिलंय?"

कल्पनाचं इंग्रजी माझ्याइतकंच बेतास बात. ती म्हणाली, "येस मॅडम. आबा चालले."

मग तिने सगळं सांगितलं, अडखळत, हातवारे करत. मुठीची गोष्ट सांगताना तिने खरंच पिशवीतून माती काढली. ती तिने गावाहून का आणली होती, मला माहीत नाही. बाईंनी हात पुढे केला, माती घेतली, दाबली, मूठ उघडून बघितली. मग फॉर्म पलटला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "मार्गदर्शक म्हणून तुमचं नाव आहे. त्या माणसाचं कुठे आहे?"

मार्गदर्शकाच्या नावाला एकच ओळ होती. मी खिशातून पेन काढलं, माझं नाव खोडलं आणि वर आबांचं लिहायला गेलो, तर नाव काय लिहायचं? आबा एवढंच मला माहीत. कल्पनाकडे बघितलं. ती लालेलाल झाली. तिलाही माहीत नव्हतं. जन्मापासून आबा म्हणजे आबा.

संदीप मागून म्हणाला, "धुडकू झिपा मोरे." त्याने पहिल्याच दिवशी विचारून ठेवलं होतं. भिंतीवर रेघा कोण मारणार ते नोंदीत हवं म्हणून.

नंबर आला नाही. तीस दिवसांची अट पुरी नव्हती, नियम तो नियम. अंडं उचलणारा हात पहिला आला आणि तो येणंच योग्य होतं. आम्हाला शेवटी एक विशेष उल्लेखाचं प्रमाणपत्र मिळालं, शेतावरच्या चाचणीबद्दल. त्यावर तीन नावं: कल्पना, संदीप आणि धुडकू झिपा मोरे. माझं नाव कुठेच नाही. प्राचार्यांना हे समजावताना मला जे ऐकून घ्यावं लागलं ते सोडून देतो.

आखाजीच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं प्रमाणपत्र फ्रेम करून बागेत गेलो. नानांनी ते वाचलं, दोनदा वाचलं, आणि आबांना म्हणाले की सालाचं उद्या बोलायचं कारण नाही, ते ठरलेलंच आहे, यंत्राला माणूस लागतो. मला हायसं वाटलं. आबांनी फ्रेम हातात घेतली, उलटीसुलटी करून बघितली. त्यांचं नाव कुठलं ते कल्पनाने बोट ठेवून दाखवलं. त्यांचं तिकडे फारसं लक्ष नव्हतं.

"म्हंजे पास व्हयनी ना तू?" त्यांनी विचारलं.

नंबर, उल्लेख, अट, काय काय सांगायचं होतं. कल्पनाने काही सांगितलं नाही.

"व्हयनू, आबा," ती म्हणाली.

"मंग बठ्ठं बरं शे, सगळं बरं शे," म्हणून त्यांनी फ्रेम पंपाच्या खोलीत खिळ्याला अडकवली, रेघांच्या शेजारी. पुढे नानांनी खोलीला चुना दिला तेव्हा ती भिंत तेवढी सोडली.

त्यानंतर वीस वर्षं मी प्रकल्प तपासले. तोंडी परीक्षेत पोरं सुरेख तक्ते घेऊन यायची, आणि तक्ता जितका सुरेख तितकी मला आधी एक शंका यायची. मी यंत्राबद्दल नंतर विचारायचो. पहिला प्रश्न असा असायचा: "तिथे तुमच्यावर माया असणारं कोण होतं?"

पोरांना वाटायचं, सर म्हातारे झाले. पण दर दोन-तीन वर्षांनी एखादं पोरगं चपापायचं आणि म्हणायचं, "सर, आजी होती."

मग मी त्याला परत पाठवायचो. आजीला विचारून ये, म्हणायचो.